धुळीची ॲलर्जी : नोंदवहीपासून शेवटच्या इंजेक्शनापर्यंत

गेल्या आठवड्यात इम्युनोथेरपीच्या, म्हणजे ज्याची ॲलर्जी तेच थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावायच्या उपचाराच्या, कार्डावरचा शेवटचा रकाना भरला. नोव्हेंबर २०२१ मध्ये हाती घेतलेलं काम एप्रिल २०२५ मध्ये संपलं. पहाटेच्या शिंका, चोंदलेलं नाक आणि रात्री छातीत वाजणारी शिट्टी, तिन्ही आता क्वचितच असतात. सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा वाया गेला तो क्रम चुकल्यामुळे. आधी हवा शुद्ध करायचं यंत्र घरात आलं, मग तपासणी झाली, आणि तपासणीत जे निघालं त्यावर ते यंत्र फारसं चालत नाही. म्हणून सगळं जसं घडलं आणि जसं घडायला हवं होतं, तसं क्रमाने लिहिते आहे.

पहिलं काम नोंदवहीचं, आणि ते फुकट आहे. डॉक्टरांची वेळ सहा आठवड्यांनंतरची मिळाली, तेवढा काळ त्यातच गेला. रोज एक ओळ पुरते: त्रास कधी झाला, कुठे असताना, काय करत असताना, कोणतं औषध घेतलं, आणि त्रासाला शून्य ते तीन गुण. शून्य म्हणजे काही नाही, एक म्हणजे जाणवतो पण चालतं, दोन म्हणजे कामात अडथळा, तीन म्हणजे झोपमोड. चार आठवड्यांत आकृती उमटायला लागते. अंथरुणात आणि उठल्याउठल्या शिंका, चादर झटकताना जास्त, बाहेर पडल्यावर तासाभरात आराम, असं दिसलं तर संशय गादीतल्या धूळकीटकांवर. ठरावीक महिन्यांत, कोरड्या वाऱ्याच्या दिवशी, डोळ्यांच्या खाजेसकट बाहेरच त्रास होत असेल तर परागकण. ओल धरलेल्या खोलीत वाढत असेल तर बुरशी. सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं आणि कामावर गेलं की बिघडतं, असं असेल तर कामाच्या जागेकडे बघायचं, आणि ते डॉक्टरांना आवर्जून सांगायचं.

खाज ही मोठी खूण आहे. नाक, टाळू, डोळे खाजत असतील तर ॲलर्जीची शक्यता वाढते. नुसत्या उग्र वासाने किंवा थंड हवेने नाक गळतं पण खाज नाही, असा त्रास बहुतेक वेळा ॲलर्जीचा नसतो आणि त्याचे उपाय वेगळे असतात. एकाच नाकपुडीत कायम अडथळा, रक्त किंवा वास अजिबात न येणं, यांपैकी काही असेल तर नोंदवही बाजूला ठेवून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं.

छातीत घरघर असेल तर नोंदवहीत पीक फ्लोचे, म्हणजे जोराने फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते त्या आकड्याचे, दोन रकाने हवेत, सकाळचा आणि रात्रीचा. तो मोजायची छोटी नळी मिळते. काटा शून्यावर आणायचा, उभं राहायचं, पूर्ण श्वास भरून घ्यायचा, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि एकदम जोराने फुंकायचं. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहायचा, सरासरी नाही. जीभ नळीच्या तोंडाशी आली किंवा थुंकल्यासारखं फुंकलं तर आकडा खोटाच वाढतो. समजा सकाळी ३५० आणि रात्री ४२० लिटर प्रति मिनिट आले. फरक ७०, सरासरी ३८५, म्हणजे चढउतार १८ टक्के. मोठ्या माणसांत दोन आठवड्यांची अशी रोजची सरासरी १० टक्क्यांच्या वर राहिली तर दम्याचा विचार करावा लागतो. ही वही डॉक्टरांसमोर ठेवली आणि भेटीचा सूरच बदलला. 'खूप त्रास होतो' या वाक्यावर औषध मिळतं, आकड्यांवर निदान होतं. त्याच भेटीत स्पायरोमेट्री, म्हणजे फुफ्फुसांतून हवा किती आणि कशी बाहेर पडते त्याची तपासणी, झाली: आधी फुंकणं, मग श्वासनलिका मोकळ्या करणारं साल्ब्युटॅमॉल, दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकणं. दुसऱ्या वेळी पहिल्या सेकंदातली हवा १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलिलिटरने वाढली तर श्वासनलिका उघडतात हे सिद्ध होतं.

त्वचेवरच्या तपासणीची, म्हणजे प्रिक टेस्टची, तारीख १० जानेवारी २०२२ मिळाली. अशा तारखा वाया जातात त्या बऱ्याचदा एकाच कारणाने: ॲलर्जीची गोळी बंद केलेली नसते. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन यांसारख्या गोळ्या साधारण सात दिवस आधी थांबवायला सांगतात, कारण त्या त्वचेवरची प्रतिक्रियाच दाबून टाकतात. फसगत होते ती लपलेल्या औषधांत. सर्दी-खोकल्याचं मिश्रण, प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घ्यायची गोळी, काही झोपेच्या गोळ्या, या सगळ्यांत हाच घटक असू शकतो. औषधाचं वेष्टन उलटून घटकांची नावं वाचायची. हातावर स्टेरॉइडचं मलम लावत असाल तर तेही सांगायचं. काही नैराश्यावरच्या गोळ्याही निकाल बिघडवतात, पण त्या स्वतःच्या मनाने कधीही थांबवायच्या नाहीत. रक्तदाब, हृदय, अर्धशिशी किंवा काचबिंदू यांसाठी बीटा-ब्लॉकर गटातलं औषध सुरू असेल, थेंबांच्या रूपात का होईना, तर ते अर्जात ठळक लिहायचं. प्रतिक्रिया तीव्र झालीच तर ही औषधं उपचाराच्या आड येतात. नाकाचा स्टेरॉइड फवारा सहसा चालू ठेवता येतो. दम्याचा पंप तर बंद करायचाच नाही. दमा आटोक्यात नसेल तर तपासणी पुढे ढकलतात आणि ते योग्यच आहे. गोळी थांबवता येणं शक्यच नसेल तर रक्तातली आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) तपासणी करता येते, तिच्यावर या गोळ्यांचा परिणाम होत नाही.

ते सात दिवस जड जातात. मिठाच्या पाण्याने नाक धुणं तेवढं हाताशी असतं. पाणी उकळून थंड केलेलं किंवा डिस्टिल्ड हवं, नळाचं थेट कधीच नाही, कारण न उकळलेल्या पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. दुर्मीळ आहे, पण जीवघेणं आहे. एक लिटर पाण्याला नऊ ग्रॅम मीठ. कमी झालं तर नाक झोंबतं, जास्त झालं तरी झोंबतं, म्हणून चमच्याच्या अंदाजापेक्षा वजनकाटा बरा.

तपासणी स्वतः अर्ध्या तासात उरकते. हाताच्या आतल्या बाजूला पेनने खुणा, दोन खुणांत किमान दोन सेंटिमीटर अंतर, प्रत्येकीवर ॲलर्जी आणू शकणाऱ्या एकेका गोष्टीच्या अर्काचा थेंब आणि थेंबातून त्वचेला हलकीशी टोच. रक्त येत नाही, यायला नको. दोन थेंब खास असतात: एक हिस्टामिनचा, जिथे गांध उठायलाच हवी, आणि एक नुसत्या द्रावणाचा, जिथे काहीच उठायला नको. पंधरा-वीस मिनिटं हात न खाजवता बसायचं. हेच सगळ्यांत अवघड. मग गांधीचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात, भोवतीची लाली त्यात धरत नाहीत. साध्या द्रावणापेक्षा ती ३ मिलिमीटर किंवा जास्त असली तर चाचणी सकारात्मक. हिस्टामिनची गांध उठलीच नाही तर गोळीचा अंमल उतरलेला नाही आणि बाकीचे शून्य निरर्थक आहेत. उलट साध्या द्रावणावरही फुगलं तर ती त्वचा नुसत्या ओरखड्यानेही फुगणारी आहे, तेव्हा सगळेच आकडे संशयाने वाचायचे.

अहवालात धूळकीटकांच्या दोन जाती ८ आणि ६ मिलिमीटर, झुरळ ३, बाकी शून्य. झुरळाच्या आकड्याने काळजी वाटली होती. पण सकारात्मक चाचणी म्हणजे शरीराची ओळख झालेली आहे, आजार आहे असं नव्हे. नोंदवहीत त्या आकड्याला जोड मिळाली नाही, म्हणून तो बाजूला ठेवला. याच सुमारास खाद्यपदार्थांची लांबलचक यादी तपासून देणाऱ्या आयजीजी चाचण्यांची जाहिरात समोर येते. आयजीजी हे वेगळं प्रतिपिंड, ते तो पदार्थ खाल्ल्याचं चिन्ह आहे, ॲलर्जीचं नाही. त्या यादीवरून जेवणातले पदार्थ बंद करू नका, मुलांचे तर मुळीच नाही. अहवालाची प्रत आणि हाताचा फोटो त्याच दिवशी घ्यावा. पुढे इंजेक्शनाची लस मागवताना आणि विम्याच्या अर्जाला तीच प्रत लागते, आणि नंतर मागायला गेलं की पुन्हा रांग.

आता घर. इथे थोडं थांबते, कारण चुका इथेच होतात. घरच्या धुळीच्या ॲलर्जीशी धूळकीटकांचा संबंध नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९६४ च्या सुमारास दाखवला. कीटक साधारण पाव ते एक तृतीयांश मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. तो चावत नाही. आपल्या त्वचेच्या गळलेल्या कोंड्यावर जगतो, आणि त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेच्या कणांतल्या प्रथिनांचा. हे कण हवेच्या मानाने जड असतात. झटकलं की उडतात आणि वीस-तीस मिनिटांत खाली बसतात. म्हणून हवा गाळणारं यंत्र इथे तोकडं पडतं: कण हवेत नसतात, उशीत असतात, नाकापासून चार बोटांवर. मांजरीचं प्रथिन मात्र बारीक कणांवर तासन्‌तास तरंगतं, तिथे आणि धुरासाठी, परागकणांसाठी यंत्राचा उपयोग होतो. घ्यायचंच असेल तर खोलीचं घनफळ काढा. ४ मीटर लांब, ३.५ रुंद, ३ उंच म्हणजे ४२ घनमीटर, तासाला पाच वेळा हवा फिरायला २१० घनमीटर शुद्ध हवा देणारं यंत्र लागेल. ओझोन सोडणारं कोणतंही यंत्र दमेकऱ्याच्या खोलीत नको.

कामाची सुरुवात झोपायच्या खोलीतून, कारण दिवसाचे सात-आठ तास तिथेच जातात. गादी, उशी आणि दुलई, तिघांनाही सहाही बाजूंनी बंद होणारी, चेनची खोळ. विणीची छिद्रं १० मायक्रॉनपेक्षा बारीक हवीत. नुसता वरून घालायचा पलंगपोस म्हणजे खोळ नव्हे. चेनच्या टोकाशी फट राहते, तिच्यावर चिकटपट्टी लावायची. सगळ्या खर्चात मोठा वाटा या खोळींचा होता, इंजेक्शनं सोडली तर. पैसे एकदम नसतील तर आधी उशी, मग गादी. स्वस्त प्लास्टिकची खोळही कण अडवते, पण घाम येतो आणि शिवण लवकर फाटते. खोलीत दुसरी गादी असेल तर तिलाही खोळ हवी, नाहीतर एका बाजूने बंद केलेलं दुसऱ्या बाजूने उडत राहतं.

नुसत्या खोळींनी भागत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत प्रौढ दमेकऱ्यांना फक्त खोळी दिल्याने फायदा दिसला नाही. म्हणून जोडीला धुणं आणि कोरडेपणा. चादर, अभ्रे, पांघरुणं आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात. त्याखालच्या पाण्यात विष्ठेतलं प्रथिन बरंचसं धुऊन जातं, पण कीटक जिवंत राहतो आणि पुन्हा वाढतो. गरम पाणी सोसणार नाही अशा वस्तू, मुलांची मऊ खेळणी वगैरे, पिशवीत बांधून उणे १७ अंश किंवा त्याहून थंड फ्रीझरमध्ये किमान चोवीस तास. गोठवल्याने कीटक मरतो पण प्रथिन तसंच राहतं, म्हणून नंतर धुवायचंच. जाजम आणि जड पडदे काढले तर पुढची निम्मी मेहनत वाचते.

आर्द्रतेकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. हा कीटक पाणी पीत नाही, हवेतली वाफ अंगात ओढून घेतो. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांखाली राहिली की तो सुकतो. त्यासाठी आर्द्रतामापक हवा, आणि तो खरं सांगतो का हे आधी तपासायला हवं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूइतकं भिजवायचं, मापकासोबत हवाबंद पिशवीत ठेवायचं आणि रात्रभर सोडायचं. सकाळी ७५ च्या आसपास दाखवायला हवं. मापक ८१ दाखवत असेल तर पुढे प्रत्येक आकड्यातून सहा वजा करायचे.

खिडकी उघडणं नेहमीच चांगलं, हा समज सोडावा लागला. बाहेरची हवा थंड असेल तर आत येऊन तापल्यावर ती कोरडी होते, तेव्हा उघडा. बाहेर उबदार आणि दमट असेल तर उघड्या खिडकीने ओलच आत येते. कपडे खोलीत वाळत घातले तर एका धुण्यातून लिटर-दोन लिटर पाणी हवेत जातं. न्हाणीघराचा पंखा आंघोळीनंतरही थोडा वेळ चालू ठेवायचा. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवायचं नाही, हवा खेळायला जागा सोडायची, नाहीतर मागे बुरशी धरते. बुरशी आलीच तर ओलीचं मूळ आधी शोधायचं, गळती तशीच ठेवून रंग दिला तर ती परत येते. पुसताना ब्लीच वापरत असाल तर ते ॲसिड किंवा अमोनिया असलेल्या कशातही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो आणि दमेकऱ्यासाठी तो फार वाईट.

साफसफाई ओल्या फडक्याने. शक्यतो ज्याला त्रास आहे त्याने करू नये; करायचीच वेळ आली तर मास्क लावून, आणि नंतर अर्धा तास त्या खोलीत जाऊ नये. व्हॅक्यूम वापरायचा तर हेपा, म्हणजे अतिबारीक कण अडवणाऱ्या, गाळणीचा, आणि पिशवी घराबाहेर रिकामी करायची. त्याने वरवरची धूळ जाते, गादीतला कीटक नाही.

जानेवारी ते मार्च हे चाललं. पहिल्या महिन्यात फरक शून्य होता आणि मन खचलं. साचलेलं प्रथिन एका दिवसात जात नाही. सहाव्या-सातव्या आठवड्यात सकाळचे गुण दोनवरून एकवर आले.

दरम्यान नाकाचा फवारा सुरू होता, आणि तो इतके दिवस चुकीचा मारला जात होता. डोकं किंचित पुढे, मागे नाही. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने जातं. मधल्या पडद्यावर मारला तर रक्त येतं आणि औषध वाया जातं. जोराने ओढू नका. घशात कडू लागलं म्हणजे औषध नाकात राहिलं नाही. आधी नाक धुणं, दहा मिनिटांनी फवारा. पूर्ण परिणामाला एक-दोन आठवडे लागतात, तिसऱ्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणून सोडू नका. नाक झटक्यात मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे नकोत, नंतर त्यांच्यामुळेच नाक चोंदतं. पंप स्पेसरमधून (पंपाला जोडायची पोकळ नळी), एका वेळी एकच दाब, श्वास दहा सेकंद रोखून, आणि स्टेरॉइडचा असेल तर चूळ भरून थुंकायची. स्पेसर सौम्य साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्यायचा. फडक्याने पुसला तर स्थिर विजेमुळे औषध आतच चिकटतं.

इम्युनोथेरपीचा निर्णय मार्चमध्ये झाला. ही पद्धत नवी नाही, लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये परागज्वरासाठी तिचे पहिले निष्कर्ष मांडले. ज्याची ॲलर्जी तेच प्रथिन अगदी कमी मात्रेपासून वाढवत द्यायचं. जिभेखालच्या गोळीचा पर्यायही असतो: रोज घरी घ्यायची, पहिली मात्रा डॉक्टरांसमोर, सुरुवातीचे काही आठवडे तोंड खाजतं. रोज न चुकता गोळी घेणं जमेल का, की ठरलेल्या दिवशी दवाखान्यात जाणं जमेल, हा प्रामाणिक प्रश्न स्वतःला विचारून इंजेक्शन निवडलं. संमतीपत्र नीट वाचा. त्यात तीव्र प्रतिक्रियेचा उल्लेख असतो आणि तो खरा आहे, म्हणूनच ॲड्रेनलिन, म्हणजे अशा प्रतिक्रियेवरचं तातडीचं इंजेक्शन, हाताशी असलेल्या ठिकाणीच हे घ्यायचं.

पहिलं इंजेक्शन ४ एप्रिल २०२२. मग दर आठवड्याला एक, अशी सोळा, जुलैच्या मध्यापर्यंत. त्यानंतर दर चार आठवड्यांनी. प्रत्येक वेळचा क्रम तोच: पीक फ्लो मोजायचा, गेल्या वेळची सूज सांगायची, ताप किंवा घरघर असेल तर त्या दिवशी इंजेक्शन नाही, आणि टोचल्यावर तीस मिनिटं तिथेच बसायचं. ही तीस मिनिटं कधीही चुकवू नका. गंभीर प्रतिक्रिया बहुतेक याच वेळात येतात: अंगभर गांधी, घशात आवळल्यासारखं, धाप, चक्कर, अचानक वाटणारी भीती. अशा वेळी ॲलर्जीची गोळी पुरत नाही, मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनलिनच लागतं. त्या दिवशी दोन-तीन तास धावणं, व्यायाम टाळायचा. दंडावर सूज आणि खाज सातव्या-आठव्या इंजेक्शनाला बरीच आली, थंड पट्टीने उतरली. पुढची मात्रा डॉक्टरांनी तीच ठेवली, वाढवली नाही.

वेळापत्रक मोडतं ते प्रवासाने आणि आजारपणाने. खंड मोठा पडला तर मात्रा मागे घ्यावी लागते, म्हणून रजेचा अर्ज करण्याआधी कार्ड बघायचं. लसीची कुपी दोन ते आठ अंशांत ठेवायची असते, गोठली तर टाकून द्यावी लागते. नवी कुपी मागवायला काही आठवडे जातात. जुनीत तीन-चार मात्रा उरल्या की मागणी नोंदवायची. कामाच्या जागेसाठी डॉक्टरांचं पत्र घेतलं, तेव्हा 'ॲलर्जी आहे' एवढ्या ओळीवर काहीच हललं नाही. 'जाजम नसलेल्या भागात बसायची जागा, झाडलोट कामाच्या वेळेबाहेर' असं नेमकं लिहिलेलं दुसरं पत्र दिलं, आणि दोन आठवड्यांत जागा बदलली.

फरक पहिल्या वर्षाअखेर स्पष्ट दिसला: गोळी रोजची राहिली नाही, पीक फ्लोचा चढउतार सात टक्क्यांवर आला. पूर्ण मात्रेवर वर्षभर राहूनही काहीच बदललं नसतं तर डॉक्टर थांबवण्याचा विचार करणार होते. सुधारणा दिसल्यावर सोडून द्यायचा मोह दुसऱ्या वर्षी होतो, पण उपचार थांबल्यावरही परिणाम टिकायला साधारण तीन वर्षं लागतात.

शेवटच्या भेटीत तीन कागद मागून घ्या: संपूर्ण कार्डाची प्रत, अखेरची मात्रा आणि लसीचं नाव लिहिलेलं पत्र, आणि सुरुवातीच्या तपासणीचा अहवाल. दोन-तीन वर्षांनी त्रास परत आला तर नव्या डॉक्टरांना नेमकं हेच लागेल. दम्याचा पंप डॉक्टरांनी कमी केला आहे, बंद नाही. खोळी तशाच राहणार आहेत, एका उशीची चेन तुटली आहे ती या आठवड्यात बदलायची आहे. आणि मापक वर्षभरात तपासलेला नाही, आज रात्री मीठ भिजवून पिशवीत ठेवते आहे.